मोसंबीएवढा खडा

माझ्या पोटात काय आहे हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बायकोला ठाऊक होतं, पोराला ठाऊक होतं, दावीद मास्तरांना ठाऊक होतं. मला तर दाट संशय आहे की गोठ्यातल्या काळ्या म्हशीलाही ठाऊक होतं, कारण त्या दिवसांत मी समोर गेलो की ती रवंथ थांबवून माझ्याकडं बघत राहायची. ठाऊक नव्हतं ते फक्त एकाला. ज्याचं पोट होतं त्याला.

हे लिहायला बसलो तर बायको म्हणाली, "जरा गोड लिवा. आजारी मानसं वाचतील, त्यान्ला धीर यायला पाहिजे."

धीर देणारे मला इतके भेटलेत की त्यांची रांग लावली तर शेवटचा माणूस खर्ड्याच्या किल्ल्यावर उभा राहील. धीराचं नंतर बघू. आधी राग.

मी दत्तू. संगमनेरहून प्रवरेच्या कडेनं खाली आलं की उसात बुडालेली गावं लागतात, त्यातल्या एका गावच्या दूध केंद्रावर मी दुधाची फॅट काढतो, म्हणजे स्निग्धता मोजतो. दूधवाला कॅन घेऊन येतो, मी नमुना मशीनला लावतो, पाटीवर आकडा उमटतो आणि मी तो ओरडून सांगतो. "बबन, तीन-दोन! गाईला पाणी पाजतोस का दुधाला?" असं. पूर्वी मशीनचं तोंड फॅट काढणाऱ्याकडं असायचं. एकदा एका गड्यानं आकडा चोरल्याच्या संशयानं अख्खा कॅन टेबलावर ओतला, रजिस्टरासकट आम्ही सगळे दुधानं न्हालो. तेव्हापासून नियम झाला: मशीनचं तोंड दूधवाल्याकडं. दूध त्याचं, आकडा त्याचा. चांगला असो, वाईट असो, आधी त्यानं बघायचा.

हा नियम लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

दुसरी गोष्ट, मी थापाड्या आहे. हे मी लपवत नाही, लपणारही नाही. उसातला बिबट्या माझ्या मोटारसायकलवर मागं बसून केंद्रापर्यंत आला आणि दुधाची रांग बघून कंटाळून उतरून गेला, ही माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट. ती ऐकायला लोक मुद्दाम उशिरा कॅन आणतात. आणि प्रत्येक वेळी दावीद मास्तर ती मोडतात. मिशन शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, घरी एक संकरित गाय, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. आयुष्यात खोटं बोललेले नाहीत, आणि चारचौघांत हसलेलेही फारसे नाहीत.

"बिबट्यानं पाय कुठं ठेवले, दत्तोबा? तुझ्या गाडीला मागचं पायदान नाही."

"मांडी घालून बसला होता, मास्तर."

"खोटं. साफ खोटं." असं म्हणून मास्तर कॅन उचलतात आणि सगळं केंद्र हसतं. कित्येक वर्षं हा आमचा संध्याकाळचा नेम आहे.

लाल

एके सकाळी लघवीला गेलो आणि बघतो तर डाळिंबाचा रस. दुखणं नाही, खुपणं नाही, नुसता रंग. कुठलाही शहाणा पुरुष जे करतो तेच मी केलं. कुणाला सांगितलं नाही. मनाला म्हटलं, बीट खाल्लं असेल. आमच्या घरात बीट दिवाळीपासून आलेलं नव्हतं.

पुन्हा तसंच झालं तेव्हा हिराला सांगितलं. हिरा म्हणजे माझी बायको. तिनं उलट प्रश्न विचारला नाही, चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"दवाखान्यात. चला."

"अगं, चहा तरी."

"च्या तिकडं मिळतो."

वाचणाऱ्या समस्त पुरुषांनो, एवढं पाठ करा. दुखत नाही म्हणून लाल रंगाला माफी नसते. पहिल्या दिवशी जा. बायको चपला घालायची वाट बघू नका.

संगमनेरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. बोलता बोलता ते पोटावर एकाच जागी ते यंत्र फिरवत राहिले, जसं पापडावर एकाच जागी लाटणं फिरवावं. मग म्हणाले, "सीटी स्कॅन करून घेऊ."

"काय दिसतंय, साहेब?"

"ते सीटीतच नीट कळेल."

हे उत्तर खरं होतं. म्हणून त्या दिवसापुरतं डॉक्टरांना माफ.

बांगडी

सीटीचं यंत्र म्हणजे एक भली मोठी बांगडी. इतकी मोठी की एखाद्या राक्षसिणीनं हातातली काढून ठेवली असावी. तिच्यातून एक फळी आत-बाहेर करते, फळीवर आपण. साध्या एक्स-रेत एका बाजूनं फोटो निघतो, सगळं एकावर एक चढलेलं. ही बांगडी आतल्या आत तुमच्या भोवती गरगर फिरते, चोहो बाजूंनी किरणं सोडते, आणि पलीकडचा संगणक त्याचं गणित मांडून तुमच्या पोटाच्या चकत्या पाडतो. मुळा कापावा तशा, पातळ, एकामागून एक. सुरी लागत नाही. लोक म्हणतात, त्या बोगद्यात जीव गुदमरतो. खोटं आहे. ती आरपार उघडी आहे, आणि काम भाकरी भाजून व्हायच्या आत उरकतं.

आदल्या दिवशी रक्त तपासलं, किडन्यांना चित्र उजळवणारं औषध झेपेल का ते बघायला. सकाळी उपाशी नेलं. शुगर आहे का, कसली ॲलर्जी आहे का, दमा आहे का, हे विचारलं. विचारलं नाही तर तुम्ही स्वतः सांगा, लाजू नका. हाताच्या शिरेत सुई खोचली आणि तिला एक नळी जोडली.

"काका, हलू नका. आवाज सांगेल तेव्हा श्वास धरायचा," यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली आणि काचेच्या पलीकडं गेली.

यंत्रातून हिंदीत एक बाई बोलली, साँस लो, रोको. मी रोकला. मी इतका रोकला की प्रवरेचं पाणी थांबलं असेल. बाई 'छोडो' म्हणेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोरून माझे सगळे पूर्वज एकेक करून रामराम करून गेले.

आणि मग नळीतून ते औषध आलं. घशात एकदम ऊन पडलं, तोंडाला तांब्याच्या पैशाची चव आली, आणि ते ऊन छातीवरून पोटात, पोटातून खाली उतरलं. आणि खाली उतरलं तिथं मला स्वच्छ कळलं की माझं धोतर भिजलं. म्हणजे धोतर नव्हतंच, त्यांनी दिलेला हिरवा गाऊन होता, म्हणजे आणखीच पंचाईत. वय झालेला माणूस, गावात तोंड वर करून फिरणारा, आणि फळीवर मुतलो!

"पोरी!" मी बोंबललो. "बंद कर! घात झाला!"

ती पळत आली. तिनं बघितलं आणि हसू दाबलं. "काका, काही झालेलं नाही. त्या औषधानं तसं वाटतं. सगळ्यांनाच वाटतं."

मी हात घालून खात्री केली. कोरडं ठणठणीत.

"मग आधी का न्हाई सांगितलं?"

"आधी सांगितलं की लोक घाबरतात."

तेव्हा मी हसलो. पण ते वाक्य माझ्या कानात बसलं. पुढं तेच वाक्य मला प्रत्येकाच्या तोंडून ऐकायचं होतं, फक्त भिजलेलं धोतर वेगळं होतं.

तुम्हाला मी आधी सांगतो. ऊन लागेल, चव बदलेल, भिजल्यासारखं वाटेल, आणि भिजलेलं नसेल. बघा बरं, घाबरलात का? नाही ना?

खडा

दुसऱ्या दिवशी मी, हिरा आणि आमचा संतोष दवाखान्यात बसलो होतो. संतोष आमचा एकुलता एक, तालुक्याला बी-बियाण्याचं दुकान चालवतो. सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "दत्तू आण्णांचे नातेवाईक कोण? आत या. पेशंटनं बाहेरच बसा."

पेशंटनं बाहेरच बसा! पोट माझं, मुतलो नाही तो मी, आणि मी बाहेर. मी बसलो, कारण दवाखान्यात माणूस बैलासारखा होतो, जिकडं कासरा ओढतील तिकडं. हा बैलपणा मी आता सोडला आहे. तुम्हीही सोडा.

संतोष आत गेला तेव्हा माझा पोरगा होता. बाहेर आला तेव्हा माझा बाप झाला होता.

"आण्णा, खडा हाय. किडनीत. जरा मोटा हाय. ऑपरेशन करून टाकू."

"खडा?" मी उडालोच. "खड्याला ऑपरेशन? अरे, आपल्या गावात खडा न्हाई असा मानूस दाखव! कुळथाचं पानी पिलं की खडा पडतो. पोटाला सुरी लावनारा मी न्हाई."

संतोषचं तोंड बघण्यासारखं झालं. ते का, हे मला आता कळतं. त्याला वाटलं होतं, खडा म्हणालो की आण्णा घाबरणार नाहीत आणि मुकाट टेबलावर झोपतील. घाबरलो नाही, तिथपर्यंत त्याचा हिशेब बरोबर होता. पण न घाबरलेला माणूस टेबलावर कशाला झोपेल? डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, लवकरात लवकर काढा. आणि त्यानं माझ्या हातात न काढण्याचं कारण दिलं होतं.

मुतखड्याचं औषध ठाऊक नाही असा एक माणूस प्रवरेच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही. कुणी केळीच्या खुंटाचा रस आणला. कुणी पानफुटीची पानं आणली, सकाळी उपाशीपोटी चावायची. कुळथाचं पाणी तर मी इतकं प्यालो की माझ्या अंगावर पाऊस पडला असता तर कुळीथ उगवले असते. हिरा सकाळ-संध्याकाळ कुळीथ उकळायची आणि पदरानं डोळे पुसायची.

"काय झालं गं?"

"धूर."

आमच्याकडं गॅसची शेगडी आहे. गॅसला धूर कसला? पण मी थापाड्या ना! दुसऱ्याची थाप ओळखायची सवय नव्हती. ते काम मास्तरांचं.

लघवी कधी साफ व्हायची, कधी लाल. साफ झाली की मी म्हणायचो, खडा विरघळला. लाल झाली की म्हणायचो, खडा निघाला. आठवडे असेच चालले होते.

मोसंबी

संध्याकाळी केंद्रावर लोक विचारायचे, "आण्णा, खडा कसाय?"

आता मला विषय मिळाला तर मी सोडतो का? पहिल्या दिवशी माझा खडा सुपारीएवढा होता. लोक "अरे बापरे" म्हणाले. दुसऱ्या खेपेला लिंबाएवढा झाला. मी म्हटलं, चाललो की आतून खुळखुळा वाजतो, बायको आवाजावरून ओळखते मी कुठल्या खोलीत आहे. लोकांनी मान हलवली. कुणी हसलं नाही. मला वाटलं, गोष्ट नीट रंगली नाही.

मग एका संध्याकाळी केंद्र भरलेलं बघून मी मुठी एकावर एक ठेवल्या आणि म्हणालो, "मास्तर, खडा आता मोसंबीएवढा झालाय. डॉक्टर म्हनले, असा खडा जिल्ह्यात न्हाई. काढला की चौथऱ्यावर बसवून शेंदूर लावनारेत."

आणि मी वाट बघत थांबलो. आता मास्तर म्हणणार, मोसंबीएवढा खडा मावेल कुठं, दत्तोबा? किडनीच मुठीएवढी असते. आता म्हणणार, खोटं, साफ खोटं.

मास्तरांनी माझ्या मुठींकडं बघितलं. कॅनच्या कडीवरून हात निसटला.

"असेल," मास्तर म्हणाले. "असेल, दत्तोबा."

आणि फॅटचा आकडा न बघता निघून गेले.

मशीन नुसतं चालू होतं. रांगेतला बबन जमिनीकडं बघत होता, त्याच्यामागचा आभाळाकडं. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

सोनोग्राफी झाली, सीटी झालं, रक्त झालं. पण माझं निदान झालं ते त्या 'असेल'नं. दावीद मास्तर माझी थाप खरी मानतात, म्हणजे मी मरायला लागलोय. दुसरा अर्थच नव्हता. भीती आलीच, पण त्याआधी संताप आला, आणि संताप मोठा होता.

मशीन बंद केलं आणि घरी आलो. हिरा कुळीथ उकळत होती. मी पातेलं उचललं आणि अंगणात भिरकावलं. काळी म्हैस दचकून उभी राहिली.

"हिरा, माझ्या पोटात काय हाय?"

"खडा."

"गॅसला धूर येतो का?"

ती खाली बसली. पदर तोंडात कोंबला. "मला इचारू नका. पोरानं शपथ घातलीया."

संतोष दुकानातून आला तेव्हा मी ओसरीवर उभा होतो. त्याला गाडीचं स्टँडही लावू दिलं नाही.

"गाठ हाय ना?"

तो मान खाली घालून गाडीची किल्ली काढायला लागला.

"मोसंबीएवढी हाय ना?"

त्यानं चमकून वर बघितलं. "तुमाला कुनी सांगितलं?"

"मीच सांगितलं! साऱ्या गावाला मीच सांगत सुटलोय, अन् मलाच म्हाईत न्हाई!"

"आण्णा, तुमी हाय खाल्ली असती."

"हाय खायची का भाकरी खायची ते माझं मी बघीन! तू माझ्या पोटाचा मालक कवापासून झालास?"

मग त्यानंही तोंड सोडलं. "तुमी मला खोट्याचं शिकवता? जल्मभर तुमी कुनाला एक शब्द खरा सांगितला का? बिबट्या गाडीवर बसवनारा मानूस!"

हे लागलं. मी ओट्यावर टेकलो आणि म्हणालो ते इथं लिहितो, कारण त्याहून शहाणं मी आयुष्यात काही बोललेलो नाही. "संत्या, मी थाप मारतो तवा ऐकनाऱ्याला ठाऊक असतंय ती थाप हाय. म्हनून तर तो हसतो. थाप दोघांत असती. तुमचं खोटं माझ्या एकट्यावर होतं. त्यात मला कुनी घेतलंच न्हाई."

संतोष रडला. मी त्याला जवळ घेतलं नाही. खरं सांगतो, त्या दिवशी नाही घेतलं.

मशीन इकडं फिरवा

सकाळी दवाखान्यात गेलो. सिस्टर म्हणाली, "नातेवाईक कोण?"

"मीच. मी दत्तूचा सगळ्यात जवळचा नातेवाईक. जल्मापास्नं वळखतो त्याला."

आत गेलो. डॉक्टरांच्या टेबलावर पडदा होता, त्याचं तोंड त्यांच्याकडं.

"साहेब, ते मशीन इकडं फिरवा."

"आण्णा, त्यातलं तुम्हाला काही कळणार नाही."

"दूधवाल्याला बी मशीनीतलं काय कळत न्हाई. तरी आमी त्याच्याकडं तोंड करतो. दूध त्याचं असतंय."

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी पडदा धरला आणि माझ्याकडं फिरवला. एवढंच. त्याला फार ताकद लागली नाही, मी बघत होतो.

त्यांनी बोटानं ती मुळ्याच्या चकत्यांची चळत खाली सरकवली. काळं-पांढरं सगळं. छातीकडून पोटाकडं मी माझ्याच आतून उतरत गेलो. हे तुमचं काळीज, हा मणका, ही उजवी किडनी. घेवड्याच्या दाण्यासारखी, नीटनेटकी. ज्या औषधानं मला भिजवलं होतं ते तिच्यात पांढरं चमकत होतं. आणि डावीकडं तशीच एक, पण तिच्या अंगातून एक गोळा बाहेर आलेला, ओबडधोबड. मी खिशातून मोसंबी काढली. हो, रस्त्यात गाड्यावरून घेतली होती. पडद्याशेजारी धरली.

"एवढी?"

"साधारण एवढी," डॉक्टर म्हणाले.

आयुष्यातली एक थाप खरी निघाली, आणि ती ही!

"कॅन्सर?"

"बहुतेक. काढून तपासल्यावर नक्की कळेल. पण या चित्रांत ती किडनीच्या बाहेर पसरलेली दिसत नाही. काढली तर तुम्ही पूर्ण बरे होण्याची आशा चांगली आहे. म्हणून तर मी मुलाला घाई करायला सांगितलं होतं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"घरच्यांनी विनंती केली. आमच्याकडं बहुतेक घरचे तसंच म्हणतात. आणि पेशंटही सहसा विचारत नाहीत."

"साहेब, तुमी विनंती ऐकली अन् मी कुळथाचं पानी पीत बसलो. त्यात ती पसरली असती तर? विनंती करनाऱ्याच्या पोटात पसरली असती का माझ्या?"

डॉक्टरांनी फोन उचलला आणि नाशिकच्या मोठ्या दवाखान्याला लावला. मी ऑपरेशनचा दिवस तिथंच ठरवला. पोराला विचारून सांगतो, असं म्हणालो नाही.

तिथून निघालो तो थेट मास्तरांच्या दारात. मास्तर गाईला वैरण टाकत होते. मला बघून पेंढी हातातच राहिली.

"मास्तर, तुमी बी?"

"हिराबाईंनी गळ घातली होती. पण दत्तोबा, मी खोटं बोललो नाही. मी फक्त 'असेल' म्हणालो."

"मास्तर, दर रविवारी पहिल्या बाकावर बसता. देवाला विचारा, 'असेल' खोटं का खरं. माझ्या थापांची जत्रा एकीकडं अन् तुमचं एक 'असेल' एकीकडं."

मास्तरांनी पेंढी खाली ठेवली. मी मोसंबी त्यांच्या हातात ठेवली आणि चालू पडलो. सांगितलं ना, रागात होतो.

खाट

ऑपरेशन नाशिकला झालं. आधी पुन्हा रक्त, पुन्हा छातीचा फोटो, पुन्हा उपास. मोठ्या दवाखान्यात तुमचं नाव जातं आणि खाटेचा नंबर येतो. सकाळी झाडू, मग ताप बघणं, मग डॉक्टरांची फेरी, मग पाणीदार डाळ. ती डाळ इतकी पातळ की तिच्यात मला माझं तोंड दिसायचं, आणि ते बघून भूक मरायची.

शेजारच्या खाटेवर भंडारदऱ्याकडचा एक भातकरी होता, भाताची शेती करणारा. त्याला घरच्यांनी 'अल्सर' सांगितला होता. त्याचा भाऊ मला दिसेल तेव्हा ओठांवर बोट ठेवायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी काही फोडलं नाही, ते माझं काम नव्हतं. मी भातकऱ्याला एवढंच म्हटलं, "पाव्हनं, सकाळी डॉक्टर आले की इचारा, माझं मला सांगा. मोठ्यानं इचारा." सकाळी त्यानं विचारलं. मोठ्यानं. पडदा ओढून डॉक्टर त्याच्यापाशी बराच वेळ बसले. नंतर तो खिडकीकडं तोंड करून पडून राहिला. दुपारी उठून बसला आणि भावाला म्हणाला, "खालच्या खाचराचं काय करायचं ते आजच बोलू." भाऊ माझ्याकडं असा बघत होता की मला भाल्यानं टोचेल. टोचू दे.

संतोष माझ्या खाटेखाली चटई टाकून राहिला. आम्ही बोलत नव्हतो. मी पाणी मागायचो, तो द्यायचा, संपलं. शुद्धीवर आलो तेव्हा डाव्या कुशीत कुणीतरी पेटते इंगळ भरल्यासारखं वाटत होतं. खोकला आला की जीव जायचा. संतोष उठायचा, उशी माझ्या टाक्यांवर दाबून धरायचा आणि म्हणायचा, "आता खोका." ऑपरेशन झालेल्यांनो, उशी दाबून खोका. हे ज्यानं शोधलं त्याचं देऊळ बांधायला पाहिजे.

पहिल्यांदा उठून चालायचं होतं तेव्हा मी विचारलं, "लई दुखंल का रे?"

तो बोलायला लागला आणि थांबला. त्याच्या तोंडात काहीतरी गोड आलेलं मला दिसलं. ते त्यानं गिळलं.

"लई दुखंल, आण्णा. सिस्टर म्हनली, उद्या आजच्यापेक्षा जास्त दुखंल. मग कमी व्हईल."

माझ्या पोरानं मला दिलेली ती पहिली खरी बातमी. वाईट होती. मी त्याचा खांदा धरला आणि उठलो. आणि लई दुखलं.

गाठीचा रिपोर्ट आला तो डॉक्टरांनी माझ्या खाटेवर बसून मला सांगितला. कॅन्सरच होता. किडनीसकट पुरता निघाला होता. आता ठरलेल्या मुदतीनं त्या बांगडीतून पुन्हा पुन्हा जायचं, कुठं उरलाय का, परत आलाय का बघायला. हिरा आणि संतोष मागं उभे होते. या खेपेला नातेवाईक मागं, पेशंट पुढं.

राग गेला का?

नाही. हिरावरचा राग गेला, कारण ती रोज एकटी रडत होती आणि मी कुळीथ ढोसत होतो. संतोषवरचा थोडा उरलाय, तो मी सांभाळून ठेवलाय, कामाला येतो. पण त्या 'पेशंटनं बाहेरच बसा'चा राग मी मरेपर्यंत सोडणार नाही. घरच्यांनो, तुम्ही भीती लपवता, आणि म्हणता आम्ही त्याला वाचवतो. तुम्ही स्वतःला वाचवता. त्याच्या डोळ्यात बघावं लागू नये म्हणून. माणसाला आपलं मरण समजून घ्यायला वेळ लागतो, आणि जगायचं ठरवायलाही लागतो. तो वेळ तुमचा नाही. मी रडलो असतो, कबूल. दोन दिवस जेवलो नसतो. मग चपला घातल्या असत्या.

परवा पुन्हा सीटी झालं. यंत्रापाशी तीच मुलगी होती. सुई टोचायच्या आधी म्हणाली, "काका, आता ऊन लागेल, आणि भिजल्यासारखं वाटेल."

"आता सगळ्यांना आधी सांगतेस व्हय?"

"तुम्ही केवढ्यानं ओरडला होतात! तेव्हापासून सांगते."

डॉक्टरांनी पडदा माझ्याकडं फिरवला. डावीकडं मोकळी जागा, आतडी सरकून तिथं घर करून बसलेली. उजवीकडं घेवड्याचा दाणा, चमकता. बाकी काही नाही. निर्मळ.

संध्याकाळी केंद्रावर गेलो. ऑपरेशननंतर मास्तर माझ्यासमोर कॅन ठेवायचे, आकडा ऐकायचे आणि जायचे. आमच्यात तेवढंच उरलं होतं. मी त्यांचा नमुना लावला आणि ओरडलो, "दावीद मास्तर, तीन-आठ!" आणि तोंड न मिटता पुढं ओरडलो, "दत्तू आण्णा! डावी किडनी गैरहजर, उजवी हजर, बाकी पोट साफ!"

मास्तर उचललेला कॅन हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी तो खाली ठेवला.

"दाखव."

"काय दाखवू?"

"रिपोर्ट. तुझ्या तोंडाचा भरवसा कोणी धरावा? बिबट्या मांडी घालून बसला म्हणणारा तू."

"मास्तर, देवाशपथ साफ हाय."

मास्तरांचे डोळे भरले होते, पण आवाज शाळेतला होता, छडीसारखा.

"खोटं," मास्तर म्हणाले. "साफ खोटं!"

आधी बबन हसला, मग सगळं केंद्र हसलं. मी हसताना डाव्या कुशीवर हात दाबून धरला होता, टाक्यांची जागा अजून ओढते.

रिपोर्ट माझ्या पिशवीत होता, मशीनच्या मागंच टांगलेला. हात घातला असता तर लागला असता. मी घातला नाही. म्हटलं, आज कुणी माझ्यावर विश्वास ठेवू नये.